सात किलोंच्या आत

रद्दीवाल्यानं लोखंडी आकडा सॅकच्या वरच्या पट्ट्यात अडकवला, काटा उचलला आणि म्हणाला, "साडेनऊ." मग सवयीनं विचारलं, "पुस्तकं काय?"

कोथरूडमधलं पत्र्याचं दुकान, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दुधाच्या पिशव्यांची पोती आणि त्यांत अंग चोरून उभ्या दोघी. मावशी सांगलीतल्या शाळेतून निवृत्त झालेली, भाची हिंजवडीत नोकरीला. घरच्या डिजिटल काट्यानंही साडेनऊच दाखवले होते, पण तो बिघडलाय असं मावशीचं ठाम मत होतं. रद्दीवाल्याचा काटा वजन वाढवून दाखवतो असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. त्यानंही साडेनऊ म्हटल्यावर वाद मिटला. विमानात सोबत न्यायला परवानगी सात किलोंची. अडीच किलो जास्त.

दोघी नोव्हेंबरच्या अखेरीस व्हिएतनामला निघाल्यात. टूर कंपनी नाही, गाईड नाही, पाठीवर एकेक सॅक. हनोई, निन्ह बिन्ह, मग ह्वे, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी असं उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जायचं. भाची याआधी परदेशात गेलीय, पण कंपनीच्या खर्चानं आणि चाकांच्या बॅगेसह. मावशीचा पासपोर्टच मुळी यंदा आला.

या अंकाच्या संपादकांनी यंदाचा विषय कळवला होता 'पहिली वेळ'. वर पुस्ती होती, "तिकडे पोचल्यावरचं सगळेच लिहितात. तू निघण्याआधीचं लिही." म्हणून पावसाळाभर मी या दोघींच्या मागं दुकानांतून, कचेऱ्यांतून आणि स्वयंपाकघरातून हिंडले. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. हा प्रवास कसा होणार हे नकाशानं ठरवलं नाही, बजेटनंही नाही. ते ठरवलं सात या आकड्यानं.

तिकिटात नसलेली बॅग

स्वस्त विमान कंपन्यांचं सगळ्यात कमी भाड्याचं तिकीट म्हणजे खुर्ची आणि सात किलो. विमानाच्या पोटात टाकायच्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि तेही प्रत्येक उड्डाणाला. मुंबईहून थेट विमानानं हनोई साधारण पाच तासांवर आहे. तेवढ्यासाठी एकदा बॅगेचे पैसे भरता येतात. पण मध्ये देशांतर्गत विमान घेतलं की पुन्हा भरा, परतीचं दुसऱ्या कंपनीचं असलं की पुन्हा भरा. भाचीनं हिशेब मांडला आणि जाहीर केलं, "बॅग टाकायचीच नाही."

याचा अर्थ मावशीला हळूहळू कळत गेला. सोबतच्या बॅगेतलं कोणतंही द्रव १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. कात्री, सुरी, नारळ फोडायचं काही चालत नाही. (नारळ कशाला, असं भाचीनं विचारलं. मावशी म्हणाली, उदाहरण दिलं.) बॅगेचं मापही ठरलेलं असतं, साधारण ५५ सेंटिमीटर उंच, आणि ते कंपनीगणिक दोन-चार सेंटिमीटरनं बदलतं. सॅक खचाखच भरली की ती पोटाकडे फुगते आणि काउंटरवरच्या लोखंडी चौकटीत अडकते.

आपल्याकडे परदेश प्रवास रुळला तो टूरसोबत. चाकांच्या दोन थोराड बॅगा, त्यावर कंपनीचा रंगीत बिल्ला, बसच्या पोटातून ड्रायव्हर त्या काढून देणार, आणि पॅरिसमध्येही रात्री वरण-भात. त्यात वाईट काही नाही, माझ्या घरच्यांनी तसंच जग पाहिलं. पण त्या पद्धतीत सामानाला वजन नसतं. सॅक घेतली की हनोईच्या जुन्या वस्तीतल्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या हॉस्टेलात ती कोण चढवणार याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

गंमत म्हणजे असे पाठीवरचे प्रवासी आपण निदान पन्नास वर्षं बघतो आहोत. युरोपातून जमिनीवरून निघालेली पोरं तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत गोव्याला हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन टेकायची. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी असाच प्रवास केला आणि १९७३ साली त्यावर छोटं पुस्तक काढलं. त्यातून 'लोनली प्लॅनेट' उभं राहिलं. आपण मात्र त्या सगळ्यांना सरसकट 'हिप्पी' म्हणून मोकळे झालो आणि त्यांच्या सॅकेत काय असतं हे कधी विचारलं नाही.

ओझं कमरेचं

शहराबाहेरच्या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानात सॅकांची अख्खी भिंत असते. मावशीनं जाताच सगळ्यात स्वस्त सॅक उचलली, भाचीनं सगळ्यात जास्त खणांची. तिथल्या पोरानं दोन्ही परत ठेवायला लावल्या आणि मावशीला पाठमोरी उभं केलं.

"मान पुढं वाकवा." मानेच्या तळाशी जो मणका टेंगळासारखा वर येतो त्यावर त्यानं टेपचं टोक धरायला भाचीला सांगितलं. मग मावशीला कमरेवर हात ठेवायला लावले. कमरेच्या हाडाचा वरचा काठ जिथं हाताला लागतो, तिथपर्यंत टेप. हे पाठीचं माप. माणसाची उंची आणि पाठीची उंची यांचा संबंध असेलच असं नाही. मावशी भाचीपेक्षा बुटकी, पण पाठ तिची लांब निघाली.

मग त्यानं सॅकेत वाळूच्या पिशव्या घातल्या. आधी खांद्याचे पट्टे सैल, कमरपट्टा हाडावर घट्ट, त्यानंतर खांदे ओढायचे, शेवटी छातीवरची बारकी पट्टी. मावशी दोन पावलं चालली आणि थांबली. "खांद्यावर काहीच येत नाहीये."

तेच तर. नीट बसलेल्या सॅकेचं बहुतेक वजन कमरेवर उतरतं आणि पायांत जातं. खांद्यांचं काम सॅक मागं पडू न देणं एवढंच. गोष्ट साधी वाटते, पण ती विकायच्या सॅकेत आणायला वेळ लागला. कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या सुतारकाम करणाऱ्या गिर्यारोहकानं १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकायला सुरुवात केली आणि पुढं कमरपट्टा रुळवला. त्याआधीच्या सॅकांचं ओझं बहुतेक खांद्यांवरच येई. आपल्याकडच्या जुन्या भटक्यांच्या हॅवरसॅकला कमरपट्टा नव्हता. गडावरून उतरल्यावर काखेत पडलेले वळ दाखवायची त्यांच्यात चढाओढ असे.

मावशीला सॅक नवी नाही. कॉलेजात असताना तिनं यूथ हॉस्टेल असोसिएशनचा हिमालयातला ट्रेक केलाय. तळावर पोचलं की सॅक आणि स्लीपिंग बॅग तिथंच मिळे, परत येताना जमा करायची. "आम्हाला निवडायचा प्रश्नच नव्हता. मिळेल ती सॅक, तुटलेल्या बकलासकट."

सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांकडे हल्ली साठ लिटरची सॅक सहज असते आणि भाचीला मित्रानं ती फुकट देऊही केली होती. दुकानातल्या पोरानं ती नको म्हणून सांगितलं, आणि तेही विक्री वाढावी म्हणून नव्हे, कारण होतं म्हणून. ती वरून तोंड असलेली, तंबू-भांडी वाहायला केलेली. तळाचा मोजा हवा असला की सगळं उपसायचं. शिवाय साठ लिटर जागा असली की साठ लिटर सामान होतंच. दोघींनी चाळीस लिटरच्या, सुटकेससारखी पुढून पूर्ण चेन उघडणाऱ्या सॅका घेतल्या. रिकाम्या सॅकेचंच वजन सव्वा किलो. सातातले सव्वा दारातच गेले.

बिलाच्या काउंटरकडे जाताना दोन्ही बाजूंना जे मांडलेलं असतं ते मला फार बोलकं वाटलं. मानेची उशी, पाणी शुद्ध करायची नळी, शिट्टी लावलेला होकायंत्राचा किल्लीगोफ, शंभर देशांत चालणारा प्लग. प्रत्येक वस्तू एकेका धास्तीला उत्तर देत उभी. प्लगचं सांगते. व्हिएतनाममध्ये वीज आपल्यासारखीच, २२० व्होल्टच्या आसपास. तिथल्या सॉकेटमध्ये आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना सरळ जातात. तीन पिनांचा लॅपटॉप नेणाऱ्यालाच अडचण. लॅपटॉप नेणार नव्हतंच कुणी. प्लग परत मांडणीवर गेला.

पंचा

कपड्यांची मोजदाद भाचीच्या ओट्यावर झाली, कणकेच्या काट्यावर. जीन्स सातशे ग्रॅमच्या वर गेली. घरातला टर्किशचा टॉवेल साडेचारशे. दुकानातून आणलेला मायक्रोफायबरचा टॉवेल हलका होता, पण मावशीनं तो गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "हा पुसत नाही, नुसता पाणी इकडचं तिकडे करतो." मग तिनं बॅगेतून पंचा काढला. साधा, पांढरा, लाल काठाचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. काट्यावर सव्वाशे ग्रॅम. अंग पुसा, ओला केला तर पंख्याखाली तासाभरात वाळतो, उन्हात डोक्यावर घ्या, बसमध्ये एसी अंगावर आला तर खांद्यावर घ्या, देवळात उघडे खांदे झाका. मोठ्या दुकानांत जी वस्तू 'ट्रॅव्हल' हा शब्द लावून चौपट किमतीला मिळते, ती आपल्या आजोबांच्या दांडीवर वाळत असायची. मायक्रोफायबर दुसऱ्या दिवशी परत केला.

खरी पंचाईत हवेची. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर लांब. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा. नोव्हेंबर-डिसेंबरात हनोईत पुण्याच्या हिवाळ्यासारखी सकाळ, दक्षिणेत तिशीपलीकडचं दमट ऊन, आणि मधल्या पट्ट्यात ह्वे आणि होई आनला चक्क पावसाळा. आपला पाऊस परतल्यावर त्यांचा जोर धरतो, आणि थु बोन नदीचं पाणी होई आनच्या गल्ल्यांत शिरल्याच्या बातम्या याच काळात येतात. एका सॅकेत तीन ऋतू भरायचे तर कसे?

थर लावून. जाड स्वेटर नाही. पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. थंडी वाढली की सगळं एकावर एक. एकूण कपडे तीन जोड, पैकी एक अंगावर. मावशीला हे पटेना. "तीन जोडांत दोन आठवडे? लोक काय म्हणतील?" उत्तर व्हिएतनामच्याच व्यवस्थेत आहे. तिथं जवळजवळ प्रत्येक हॉस्टेलात आणि गल्लीत किलोच्या भावानं कपडे धुऊन देतात. सकाळी टाका, संध्याकाळी घडी घालून परत. म्हणजे कपडे दिवसांच्या हिशेबानं न्यायचेच नाहीत. आणि रेनकोटही नको. दुचाकींचा देश असल्यानं पाऊस आला की टपरीटपरीवर प्लास्टिकचे पातळ पोंचो विकायला लटकतात.

बुटांवरून दोन दिवस गेले. भाची ट्रेकर मित्रांत वावरणारी, आणि त्या जगात ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांचा दबदबा आहे. ओल्या कातळावर पकडीला तोड नाही आणि महागही नाहीत. पण ह्या प्रवासात कातळ कमी आणि फूटपाथ जास्त. शिवाय तिथल्या रात्रीच्या स्लीपर बसची रीत वेगळीच. दारातच बूट काढायचे, ड्रायव्हरचा सोबती प्लास्टिकची पिशवी देतो, बूट त्यात घालून हातात घ्यायचे आणि मोज्यांनी आत जायचं. दोन मजली बर्थ, तीन रांगा, मध्ये चिंचोळ्या वाटा. मध्यरात्री गाडी थांबली की पुन्हा तीच कसरत. घरांत, देवळांत आणि कित्येक हॉस्टेलांतही चपला बाहेरच. नाड्या बांधत बसणारा माणूस इथं सगळ्यांचा खोळंबा करतो. शेवटी नेहमीचे धावायचे बूट पायात आणि पट्ट्याची सॅन्डल सॅकेत. नवे बूट घेतलेच नाहीत. पायाला सरावलेल्या जुन्या बुटांपेक्षा नवे बरे, असं दुकानदाराखेरीज कुणी म्हणणार नाही.

बाकी बारीकसारीक तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर. चेनच्या पिशव्या, सेफ्टी पिना, ओले कपडे टांगायला नायलॉनची दोरी, आणि एक छोटं आकड्यांचं कुलूप. हे शेवटचं विसरायचं नाही, कारण हॉस्टेलात खाटेखाली लोखंडी कपाट देतात, कुलूप बहुधा आपलंच. मावशीनं स्त्रियांची वेगळी डॉर्म मागितलीय, सहा खाटांची. परक्या बायकांबरोबर झोपण्याचं तिला काही वाटत नाही. शाळेच्या सहलींना तिनं पन्नास मुलींबरोबर धर्मशाळांत रात्री काढल्यात. जगातलं पहिलं कायमचं युवा हॉस्टेलही एका शिक्षकानंच काढलं होतं. जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ साली, रिशार्ड शिर्मान यांनी, सहलीच्या पोरांना मुक्कामाला जागा मिळेना म्हणून. हे ऐकून मावशी म्हणाली, "मग आम्हाला सवलत पाहिजे."

पैशांसाठीचा छुपा पट्टा विकत मिळतो. मावशीनं जुन्या सुती परकराच्या कापडाचा कसा शिवला, नाडीसकट. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग, म्हणजे दहा हजार रुपये बदलले की माणूस तीस लाखांचा धनी. शून्यं मोजण्यात गडबड होते, आणि त्यात वीस हजारांची आणि पाच लाखांची अशा दोन्ही नोटा निळ्या. किमतीत पंचवीस पटींचा फरक. म्हणून त्या पिशवीला दोन कप्पे केले. मोठी निळी आत, छोटी निळी बाहेर.

कागद

सॅकेत ज्यांचं वजन जवळजवळ शून्य, त्यांनीच सगळ्यात जास्त दिवस खाल्ले.

पासपोर्टची फी दीड हजार, छत्तीस पानांच्या साध्या पुस्तिकेला, आणि ती दहा वर्षं चालते. अर्ज ऑनलाइन, वेळ ठरवून केंद्रावर जायचं, बोटांचे ठसे, फोटो. अडलं ते नावापाशी. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच दुखणं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सांगणारी कागदं मावशीनं ट्रंकेतून काढली. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आला तेव्हा शेजारीण गॅलरीत येऊन उभी राहिली आणि तो जाईपर्यंत हलली नाही.

पुढचा गुंता मराठी नावाचाच. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात आणि उरलेली दोन्ही दुसऱ्या रकान्यात आली. भाचीनं तिकीट काढताना मधलं नाव गाळलं होतं. व्हिसाचा अर्ज मात्र पासपोर्टाबरहुकूम, अक्षर न अक्षर. तिकिटावर दुरुस्ती करून घेताना फोनवर एक अख्खी दुपार गेली आणि थोडे पैसेही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिकिटाआधी पासपोर्ट उघडून समोर ठेवावा, बाकी काही नाही.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. एकदाच शिरायचं असेल तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा शिरायचं असेल तर ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. फोटो, पासपोर्टाच्या पानाची प्रत, आणि कोणत्या विमानतळावरून शिरणार तेही लिहायचं. पण शोधयंत्रात नाव टाकलं की सरकारी वाटणाऱ्या खासगी वेबसाइट आधी दिसतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. खरी ती, जिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असतं.

भाचीचा हट्ट होता उत्तरेतल्या हा जियांगच्या घाटांत स्कूटर चालवायचा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायची तिची तयारी होती. विमा एजंटानं तिला खाली बसवलं. भारत देतो तो परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातला, व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. म्हणजे आपला परवाना खिशात असूनही तिथं विनापरवाना. आणि विनापरवाना चालवताना अपघात झाला तर प्रवास विम्याचा दावा बहुतेक फेटाळला जातो. परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल मग घर विकून. भाची दोन दिवस रुसली. मग तिला कळलं की तिथं स्थानिक चालकाच्या मागं बसून तेच घाट करता येतात आणि फोटोही जास्त निघतात. तूर्त हा जियांग पुढच्या वेळेवर गेलंय.

पॉवर बँक हाही कागदाचाच मामला, कारण वर छापलेला आकडा वाचावा लागतो. ती पोटातल्या बॅगेत टाकायला बंदी, सोबतच न्यायची, आणि १०० वॅट-तासांच्या आत. भाचीची वीस हजार एमएएचची. ३.७ व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की ७४. चालते. विमानात तिच्यावर फोन लावणं मात्र बऱ्याच कंपन्यांनी आता बंद केलंय. मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. डबीत काढलेल्या पांढऱ्या गोळ्या कस्टमवाल्याला कशा ओळखू येणार?

मेतकूट

मावशी शाकाहारी. व्हिएतनामच्या जेवणात माशाचं सॉस मिठासारखं सगळीकडे असतं, भाजीतही. त्यामुळे घरच्यांनी सुचवलेल्या डब्यांची यादी सॅकेपेक्षा मोठी होती. गूळपोळ्या, धपाटे, लोणचं, तूप. लोणचं आणि तूप द्रवात मोडतं, म्हणून शंभर मिलीच्या बाटलीत. लोणच्यानं स्वतःहून माघार घेतली.

पण त्या देशात बौद्ध परंपरेचं शाकाहारी जेवण जुनं आहे. पाटीवर 'चाय' असं लिहिलेलं दुकान शोधायचं आणि 'आन चाय' म्हणायचं. तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरीच घरंही मांस टाळतात, त्या दिवशी अशा दुकानांत गर्दी. भाचीनं कालनिर्णय उघडून बेत पाहिला, पौर्णिमा साधतेय. मावशीनं एवढं ऐकल्यावर डबे कमी केले. मेतकूट पाव किलो, भाजके पोहे, लसणाची कोरडी चटणी, खाकऱ्याची दोन पाकिटं. मेतकूट कशावरही चालतं आणि पावडर असल्यानं काउंटरवर सहसा कुणी अडवत नाही. पिशवीवर मात्र काय आहे ते इंग्रजीत लिहायचं, पिवळी भुकटी पाहून कुणी थांबवलं तर बोलायला बरं.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वजन झालं. भाचीची सॅक सहा किलो आठशे. मावशीची सात किलो चारशे, कारण तिनं सहाशे ग्रॅमची विजेची छोटी किटली परत घातली होती.

"हॉस्टेलात गरम पाणी असतं गं," भाची म्हणाली.

"पाणी असतं. चहा नसतो."

"कॉफी मिळते तिथं, जगात नावाजलेली. घट्ट दुधाची."

"पहाटे साडेपाचला?"

भाचीनं किटली काढून ओट्यावर ठेवली. मावशीनं ती उचलली, आपल्या सॅकेतून फ्लीस काढलं, अंगात घातलं, आणि किटली रिकाम्या जागी बसवली. अंगावरचे कपडे कुणी तोलत नाही. साडेतीनशे ग्रॅम गेले. उरलेल्या पन्नासांसाठी मेतकुटाच्या पिशवीतून दोन मुठी भाचीच्या सॅकेत जाव्यात असा तिचा प्रस्ताव आहे. भाचीनं अजून होकार दिलेला नाही.